हात दे, सांगतो

पुंजाजी दलालाला आकडा तोंडानं सांगता येत नसे. मोजता यायचा, वर्षानुवर्षं लक्षात राहायचा, फक्त तोंडातून निघायचा नाही. कोणी सहज विचारलं, "पुंजाजी, पोरं किती तुम्हाले?" की तो आधी विचारणाऱ्याचा उजवा हात पकडायचा, खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यावर टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबायचा.

"हात दे, सांगतो," हे त्याचं पालुपद. दाबून झालं की भुवया उडवून विचारायचा, "समजलं?"

समजलेलं कधीच नसायचं.

खानेसुमारीचा कारकून आमच्या गल्लीत आला तेव्हाची गोष्ट. बाहेरगावचा, सडपातळ, नव्या नोकरीतला माणूस. त्यानं विचारलं, "घरात माणसं किती?" पुंजाजीनं इकडेतिकडे पाहिलं, दुपट्टा सोडला आणि हात पुढे केला. कारकुनाला वाटलं, हा गृहस्थ गुपचूप काहीतरी चारतो आहे. तो दोन पावलं मागे सरकला. "अहो, मी तसला माणूस नाही!"

"मंग कसला हायेस बाप्पा? हात तं दे!"

कारकून हात पाठीमागे बांधून उभा. पुंजाजी त्याच्याभोवती फिरतो आहे. शेवटी पुंजाजीच्या बायकोनं, सरूबाईनं, चुलीपाशी बसल्या बसल्या आकडा ओरडून सांगितला. पुंजाजी म्हणाला, "आता साऱ्या गावाले समजलं. काय फायदा?"

सरूबाई भाकरी थापताना विचारायची, "किती टाकू?" तर हा बाहेरून उठून आत जायचा आणि तिचा पिठाचा हात धरून सांगून यायचा. म्हणून त्याच्या दुपट्ट्याला बैलाच्या वासाबरोबर ज्वारीच्या पिठाचे ठसेही असत. मी पुष्कळ दिवस ते ठसे पाहून गोंधळायचो.

त्याचा धंदा माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. मोताळ्याच्या बैलबाजारात सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि दलाल, किंवा विकणारा आणि दलाल, समोरासमोर उभे राहत, हातावर दुपट्टा टाकत आणि त्या आडोशाला बोटांनी भाव सांगत. एक बोट धरलं तर एक अर्थ, दोन धरली तर दुसरा, सगळा पंजा धरला तर तिसरा. चेहरे कोरे. एक जण आभाळाकडे पाहतोय, दुसरा शेपटीकडे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक.

मला याचा संताप यायचा.

मी वाढलो पत्रकांवर. माझे वडील ज्या सभेला जात तिथलं पत्रक घरी घेऊन येत. कोनाड्यात त्यांची थप्पी असायची. मी अक्षरं शिकलो ती "बंधूंनो, जागे व्हा!" या ओळीवर. त्यामुळे माझं एक मत लहानपणीच पक्कं झालं: जे खरं आहे ते चारचौघांत मोठ्यानं सांगता येतं, आणि जे चारचौघांत सांगता येत नाही त्याच्याकडे नीट पाहावं. ते मत आजही तसंच आहे.

नवं राज्य झालं होतं. शेर-पायल्या जाऊन किलो आले होते, कोस जाऊन किलोमीटर आले होते. माणसाच्या ओंजळीनं आणि पावलानं जग मोजायचे दिवस संपले, आणि आमच्या बाजारात मात्र माणसं अजून एकमेकांची बोटं चिवडत होती! मी बुलढाण्याला शिकून गावी परतलो होतो. मी पत्रक लिहिलं, "दुपट्ट्याखालचा अंधार". शेतकऱ्याच्या बैलाचा भाव शेतकऱ्याच्या कानाआड का ठरावा, असा रोखठोक सवाल केला आणि मलकापूरच्या छापखान्यात छापून आणलं.

पुंजाजी माझा शेजारी. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानंच ते पत्रक मला वाचून दाखवायला लावलं. डोळे मिटून सगळं ऐकलं.

"झकास लिहिलं बे, छापखान्या," तो म्हणाला. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. "कोनाबद्दल हाये हे?"

"तुमच्याबद्दल आहे, पुंजाजी काका."

"आसं!" तो खूश झाला. "नाव काऊन न्हाई टाकलं मंग?"

अशा माणसाशी भांडायचं कसं?

मी ठरवलं, बोटांची भाषाच उघडी करून टाकू. कोणत्या खुणेचा काय अर्थ, याचा तक्ता छापायचा आणि बाजाराच्या तोंडाशी लावायचा. अंधार आपोआप जाईल. मी कागद-पेन्सिल घेऊन पुंजाजीच्या ओसरीवर जाऊन बसलो. तो लपवाछपवी करील असं वाटलं होतं. त्यानं तसं काहीच केलं नाही.

"चारला काय करता?" मी विचारलं.

पुंजाजीनं स्वतःचा हात समोर धरला. उलटा केला, सुलटा केला. कपाळाला आठ्या घातल्या. "असं याद न्हाई येत. हात दे."

हात दिला. त्यानं दुपट्टा टाकला आणि झटकन चार बोटं धरली. मी दुसऱ्या हातानं चित्र काढलं.

"आणि आठ?"

आठाला त्यानं मधली बोटं धरून असं काही मुरडलं की माझी पेन्सिल पडली. मी पुन्हा विचारलं. या वेळी खूण निराळीच आली.

"काका, मघाशी वेगळं होतं."

"मघाशी तू भेलेला व्हता. भेलेल्याले आठ असा सांगा लागते. आता जरासक दमानं बसला, तं दमानं सांगतला."

"आणि हा पंजा? हे पाच, की पन्नास, की पाचशे?"

"बैल समोर उभा हाये ना बे? तो सांगते ना!"

"म्हणजे खुणेचा अर्थ बैलावर अवलंबून?"

"बैलावर, हातावर, घेनाऱ्याच्या घामावर. ज्याचा हात घामेजला त्याले गरज हाये. ज्याच्या हाताले घट्टे न्हाईत तो शेतकरी न्हाई, यापारी हाये. हे तुह्या तक्त्यात कुठी बसते?"

कुठेच बसत नव्हतं. तरी मी चित्रं घेऊन मलकापूरला गेलो. छापखान्याच्या मालकानं ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "ही केळीची फणी इतक्या वेळा कशाला छापायची?"

तक्ता राहिला. पण माझा निश्चय सुटला असं समजू नका. मी बाजाराच्या दिवशी पुंजाजीवर नजर ठेवू लागलो, आणि मला काहीतरी सापडलं.

महिन्या-दीड महिन्यातून एक उंच म्हातारा बाजारात यायचा. वडनेर भोलजीहून. बरोबर एकच बैल, तोही उतारवयाचा, एक शिंग मोडलेला. म्हातारा कोणाशी बोलायचा नाही. सरळ पुंजाजीसमोर येऊन उभा राहायचा. पुंजाजीही बोलायचा नाही. दुपट्टा पडायचा आणि सौदा सुरू व्हायचा. बाकीचे सौदे विडी संपायच्या आत उरकत. हा चालायचा उन्हं कलेपर्यंत. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मग म्हातारा हात सोडवून घ्यायचा, एकशिंग्याचं दावं धरायचा आणि चालू लागायचा. बैल कधीच विकला जात नव्हता.

मी विचार करू लागलो. वडनेरला नांदुऱ्याचा बाजार जवळ, मलकापूरचाही जवळ. ते सोडून हा म्हातारा आदल्या दिवशी निघून मोताळ्याला का येतो? विकायचं नसलेलं जनावर का आणतो? एवढा वेळ दुपट्ट्याखाली काय शिजतं? भाव फुगवायचं कारस्थान, दुसरं काय!

गावच्या पंचांची बैठक भरली. विषय माझ्या पत्रकाचा. इथून पुढे सौदा ओट्यावर उभं राहून, मोठ्यानं बोलून व्हावा, अशी माझी मागणी होती. दलाली तीच राहणार होती, त्यामुळे इतर दलालांनी फारशी कुरकुर केली नाही. एकटा पुंजाजी उठून उभा राहिला.

सरपंच म्हणाले, "बोला पुंजाजी. दुपट्टा काऊन पाहिजे तुम्हाले?"

"त्याचं असं हाये सरपंच..." पुंजाजी त्यांच्या दिशेनं चालू लागला. "हात द्या, सांगतो."

बैठकीत हशा. सरपंचांनी घाईनं हात मांडीखाली घेतले. "तोंडानं बोला बुवा. साऱ्यांले आयकू येऊ द्या."

पुंजाजीनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला. "सावली लागते," तो म्हणाला.

"कोनाले?"

"हाताले."

आता तर लोक एकमेकांवर पडून हसू लागले. मी तेवढ्यात उठून एकशिंग्या बैलाचा मुद्दा मांडला. कोण हा वडनेरचा म्हातारा? न विकायचा बैल घेऊन तो का येतो? माझा आवाज त्या दिवशी छान लागला होता. दोन-चार वयस्कर माणसं जमिनीकडे पाहू लागली. मला वाटलं, ती निरुत्तर झाली. पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला समजलं असतं. तो नुसता बावरल्यासारखा पाहत राहिला आणि खाली बसला.

ठराव मंजूर झाला.

पहिला उघडा बाजार म्हणजे तमाशाच होता. ओट्यावर चढलेल्या माणसांना भाव बोलायची लाज वाटत होती. एक जण भाव सांगण्याऐवजी दलालाच्या कानात कुजबुजला. दुसऱ्यानं सदऱ्याच्या आत हात घालून तिथल्या तिथे बोटं हलवली. पण एक गोष्ट झाली, आणि ती मी विसरणार नाही. जनाबाई नावाची एक विधवा आपली गाय घेऊन आली होती. गायीचा भाव तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला आणि मोठ्यानं म्हणाली, "न्हाई देत! अजून बोला!" आणि लोक आणखी बोलले. मी घरी आलो तो छाती काढून.

पुंजाजीच्या घरी मात्र काहीतरी बिनसलं होतं. तो बाजारात जायचा, ओट्याच्या एका कडेला उभा राहायचा आणि वडनेरच्या वाटेकडे पाहायचा. म्हातारा त्या बाजाराला आला नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, कारस्थान मोडलं.

एके दुपारी सरूबाईनं मला कुंपणापाशी बोलावलं. "भाऊ, तू शिकलेला हायेस. एक सांग. हे मानूस जेवत काऊन न्हाई?"

"काय झालं काकू?"

"किती टाकू म्हनलं तं हात देत न्हाई. नुसती मुंडी हालवते. बाजीवर बसून राह्यते अन् बाजीचाच खूर धरते दुपट्ट्याखाली." तिनं पदराला हात पुसले. "भाऊ येत न्हाई ना त्याचा आता."

"कोण भाऊ?"

"अरे, वडनेरचा. तुळशीराम. सख्खा भाऊ हाये मोठा. तुले ठाऊक न्हाई का?"

मला ठाऊक नव्हतं. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो आणि तिनं सांगितलं ते ऐकलं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. बैलाची जोडी एकच होती, म्हणून प्रत्येकाला एकेक बैल आला. पोळ्याच्या दिवशी दोघंही आपापला एकटा बैल सजवून उभे. वडिलांच्या जोडीला तोरणाखाली पहिला मान. आता जोडी लावायची तर कोणी कोणाकडे जायचं? हा म्हणे, तुझा बैल इकडे आण. तो म्हणे, तुझा तिकडे आण. सगळ्या गावादेखत भांडण झालं. दोघांनी शपथ घेतली, पुन्हा एकमेकांच्या दारात जाणार नाही आणि एकमेकांशी तोंडानं बोलणार नाही. पुंजाजी मोताळ्याला येऊन राहिला. त्याच्या वाट्याचा बैल पुढे मेला. भावाच्या वाट्याचा उरला, तोच एकशिंग्या.

"मग बाजारात दोघं..."

"शपत तोंडाची व्हती," सरूबाई म्हणाली. "हाताची कोनी घेतली?"

माझ्या डोक्यात तत्त्वं, ठराव, जनाबाईची गाय आणि ते दोन म्हातारे एकदमच फिरू लागले. दुपट्टा वाईट होता. ते आजही म्हणेन. पण त्याच्याखाली भावच होता असं मी का धरून चाललो होतो?

मी पुंजाजीकडे गेलो. तो खरोखरच बाजेचा खूर, खाटेचा पाय, धरून बसला होता.

"काका, एवढा वेळ काय बोलत होतात तुम्ही दोघं? बोटांनी तर नुसते आकडे सांगता येतात."

"बोलत न्हवतो," तो म्हणाला. "पाह्यत व्हतो. वखर धरला की न्हाई यंदा, ते घट्ट्यावरून समजते. ताप येऊन गेला तं कातडं सैल लागते. मांगच्या खेपी लय सैल लागलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो येत न्हाई तो दुपट्टा बंद झाला म्हनून, का येवाच्यानं होत न्हाई म्हनून? कसं समजन मले?"

"जाऊन पाहा ना!"

"शपत हाये."

"मग मी पत्र लिहितो. तुम्ही सांगा, मी—"

"कागद दाबता येते का बे?" तो खूर सोडून माझ्याकडे वळला. "हात दे, सांगतो."

त्यानं दुपट्टा टाकला. आधी चारही बोटं एकदम धरली, मग मधली दोन हलकेच दाबली, शेवटी अंगठा माझ्या हाताच्या पाठीवरून एकदा फिरवला आणि सोडलं.

"समजलं?"

"नाही."

"तुले समजाचं न्हाईच. नेऊन दे वडनेरले."

मग त्यानं ते माझ्याकडून घोकून घेतलं. मी त्याचा हात दाबायचा आणि त्यानं चुका काढायच्या. "हलकं! तो काय चोर हाये पकडून ठेवाले? हां. आता अंगठा. अंगठा इसरू नको बरं."

मी आयुष्यात पुष्कळ निरोप नेले आहेत, पण असा एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत मी उजव्या हातानं दांडी धरली नाही, निरोप पुसला जाईल म्हणून. मलकापूरला मोटार बदलताना चहा डाव्या हातानं प्यालो. ओळखीच्या एकानं तंबाखू पुढे केली, मी हात खिशात लपवला. पुढच्या मोटारीत विसरू नये म्हणून माझाच डावा हात उजव्यानं दाबत बसलो, तर शेजारची बाई पोराला घेऊन मागच्या बाकड्यावर गेली.

तुळशीराम ओसरीत बाजेवर पडून होता. कान अगदी पुंजाजीसारखे. अंगणात एकशिंग्या बांधलेला.

"मोताळ्याहून आलो, काका."

"बाजार बंद झाला म्हन्तात तुमचा," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला.

"बाजार सुरू आहे. दुपट्टा बंद झाला."

"मंग बंदच झाला ना!"

मी उशाजवळचा पंचा घेतला, त्याचा हात उचलला आणि पंचा वरून टाकला. चार बोटं. मधली दोन. अंगठा. हलकं.

म्हातारा हसला की खोकला ते मला कळलं नाही. "अजून असाच दाबते का, गधड्यावानी," तो छताकडे पाहत म्हणाला. मग त्याची चार बोटं सावकाश माझ्या हातावर आली. जोर नव्हता, नुसता भार होता. अंगठा हलला, निम्म्या वाटेवर आला आणि तिथेच थांबला. मी पुढच्या खुणेची वाट पाहत राहिलो.

"झालं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"येवढंच जमते."

"काका, मी तोंडानं सांगू का त्यांना, तुमची तब्येत—"

"न्हाई!" एवढाच शब्द त्यानं जोरात काढला. "तोंडानं सांगशीन तं तो येईन. त्याची शपत मोडन. हातानं दे."

परतीच्या वाटेवर मी पुरता गोंधळलो होतो. माझ्या तत्त्वानं मी सगळं उघड सांगायला बांधलेला. आणि माझ्या हातात एक निरोप, जो मला वाचता येत नव्हता.

पुंजाजी दारातच उभा होता. काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. दुपट्टा मी टाकला. जसं मिळालं होतं तसं दिलं. चार बोटांचा भार, जोर नाही. अंगठा निम्म्यापर्यंत.

"पुढं?"

"एवढंच आहे."

"अंगठा?"

"इथेच थांबला."

पुंजाजी तसाच उभा राहिला, माझा हात हातात धरून. मग त्यानं तो हळूच सोडला. दुपट्टा घडी करून खुंटीवर ठेवला. "सरू, माही टोपी दे."

"काका, शपथ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याचा हात बोलत न्हाई आता," तो टोपी घालत म्हणाला. "आता तोंडच लागीन." आणि मलकापूरच्या मोटारीसाठी तो भराभर चालू लागला. रिकामे खांदे घेऊन जाणारा पुंजाजी मी पहिल्यांदाच पाहिला. पाठीमागून तो कोणी दुसराच वाटत होता.

मी ओसरीवर बसून राहिलो. त्यानं काय सांगितलं होतं आणि भावानं काय उत्तर दिलं, मला आजवर माहीत नाही. दोन्ही वेळा ते माझ्याच हातातून गेलं. उजव्या हाताची बोटं अजून तशीच राहिली होती, अंगठा निम्म्यावर थांबलेला.

आतून चूल फुंकल्याचा आवाज आला. सरूबाई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, सकाळपासून उपाशी असशीन. जेवून जाय. किती टाकू?"

मी सांगायला तोंड उघडलं. आकडा निघेना.

मी हात पुढे केला.